पाकिटात नग किती? फराळवालीचा सरासरीचा हिशोब

काजूच्या पाकिटावर २५० ग्रॅम लिहिलेलं असतं आणि मला हवे असतात नग. चारशे बेसनलाडू, प्रत्येकावर एक पाकळी, म्हणजे अर्धा काजू, एकूण चारशे पाकळ्या. दुकानात उभं राहून किती ग्रॅम मागायचे?

मी डोंबिवलीत घरून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. एरवी बारशी-मुंजीचे डबे असतात. नव्याने या धंद्यात उतरलेल्या बायका कृती विचारत नाहीत, कृती सगळ्यांना येते. त्या विचारतात, सामान किती आणू? माझ्या थोरल्या जाऊबाई नुसत्या डोळ्यांनी सांगतात. "अहो, एवढं पुरे," म्हणतात आणि खरंच पुरतं. पण तो डोळा आयुष्यभर चुलीपुढे बसून आलेला आहे, उसना मिळत नाही. आपल्याला वजनकाटा मिळतो आणि भागाकार येतो, त्यावर काम भागतं.

काजूपासूनच सुरू करते, कारण काजूवाल्यांनी आपला अर्धा हिशोब आधीच करून ठेवलाय. दुकानदार २४० नंबर, ३२० नंबर म्हणतात ते दराचे आकडे नाहीत. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे काजूगर बसतात, तो हा आकडा. ३२० नंबरमध्ये पौंडाला ३०० ते ३२० गर, २४० मध्ये २२० ते २४०, ४५० मध्ये ४०० ते ४५०. नंबर जितका मोठा तितका काजू बारीक. १८० नंबर म्हणजे ते दिवाळीच्या भेटीच्या खोक्यातले टपोरे, लाडवावर ठेवायला अगदीच वाया.

भागाकार केला की ३२० नंबरचा एक काजू दीड ग्रॅमच्या जरा आत येतो, २४० चा दोन ग्रॅमच्या आसपास आणि ४५० चा एक ग्रॅमच्या जरा वर. म्हणजे ३२० नंबरच्या पाव किलोत १६५ ते १७६ काजू.

आता चारशे पाकळ्यांना दोनशे काजू लागतील असं वाटतं. पण फोडताना सगळे सरळ दोन होत नाहीत. माझ्या हातून दहातला एक तरी मोडतो. म्हणून दोनशेला ०.९ ने भागायचं, २२३ काजू. प्रत्येकी दीड ग्रॅम धरला तर ३३५ ग्रॅम. पाव किलोचं एक आणि शंभर ग्रॅमचं एक पाकीट आणलं की झालं. हेच २४० नंबरमध्ये साडेचारशे ग्रॅमच्या आसपास जातं, आणि त्याचा किलोचा दरही चढा. ४५० नंबरमध्ये एका पाव किलोत भागेल असं वाटतं, पण गर जरा मोठे निघाले तर २२३ काजूंचं वजन २५३ ग्रॅम होतं आणि शेवटचे तीन-चार लाडू बोडके राहतात. अशा काठावरच्या हिशोबाला मी हात लावत नाही.

मग सरळ पाकळीच का आणत नाही? आणते की. स्वस्त पडते आणि फोडायची कटकट नाही. पण सुट्या पाकळीच्या पाकिटावर नंबर नसतो, तिथे आपलं आपण वजन करावं लागतं. पुढची सगळी युक्ती त्यासाठीच आहे आणि ती काजूलाच काय, बदाम, मनुका, साबुदाण्याच्या पापड्या, राजगिऱ्याचे लाडू, कशालाही चालते.

घरचा डिजिटल काटा एक ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो. त्यावर एक पाकळी ठेवली तर तो शून्य तरी दाखवील नाही तर एक. एक दाखवला आणि आपण तोच खरा धरला, तर पाव किलोत २५० पाकळ्या असा हिशोब होतो. आता वीस पाकळ्या एकत्र ठेवा. समजा १४ ग्रॅम आले. एका पाकळीला ०.७. काट्याची चूक अर्धा ग्रॅम इकडेतिकडे तशीच आहे, पण ती आता वीस जणींत वाटली गेली, एकीच्या वाट्याला फार तर पाव दशांश. २५० ला ०.७ ने भागलं तर ३५७. एक पाकळी मोजून काढलेल्या उत्तरात आणि या उत्तरात शंभरावर फरक पडला, आणि पाकीट तेच आहे.

म्हणून एक नग कधीच मोजायचा नाही. काजू-बदाम असतील तर वीस, मनुका किंवा चारोळी असेल तर शंभर, पापड असतील तर पाच.

काट्याची एक खोड सांगून ठेवते. बरेच काटे रिकामे असताना शून्याजवळची बारीकसारीक हालचाल गिळून टाकतात. एकेक मनुका टाकत गेलात तर काटा ढिम्म शून्यावर बसून राहतो, कारण प्रत्येक वेळी तो ते नवीन शून्य समजतो. उपाय सोपा आहे. आधी वाटी ठेवा, टेअरचं बटण दाबून शून्य करा आणि मोजलेले सगळे नग एकदम वाटीत ओता. किंवा उलटं करा, अख्खं पाकीट परातीत ओतून वजन बघा, त्यातून मोजून शंभर मनुका काढा आणि वजन किती उतरलं ते टिपा. मला दुसरी रीत आवडते.

काटा बरोबर आहे का हे बघायला वजनं विकत आणायची गरज नाही. दहा रुपयांचं दोन रंगांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं पाडलेलं असतं. दहा नाणी ठेवली की ७७ यायला हवेत. ८० येत असतील तर आधी सेल बदलून बघा, मग काटा.

वीस नग कोणते घ्यायचे, हे वजनापेक्षा जास्त महत्त्वाचं. पाकीट ट्रकमधून, टेम्पोतून हादरत येतं, आणि हादरे बसले की मोठे नग वर येतात, बारीक आणि चुरा फटींतून तळाला जातो. वरची मूठ घेऊन मोजलीत तर सरासरी फुगणार, नग कमी आहेत असं वाटणार आणि तुम्ही उगाच एक पाकीट जास्त आणणार. आणि निवडून सुबक सुबक वीस घेतलेत तर विचारायलाच नको. मी अख्खं पाकीट परातीत ओतते, हाताने सारखं करते आणि चार वाटे करते. समोरासमोरचे दोन वाटे बाजूला सारायचे, उरलेले दोन एकत्र करून पुन्हा चार वाटे. शेवटी मूठभर उरतात ते जसे असतील तसे मोजायचे, तुटके आणि सुरकुतलेलेसुद्धा. लाडवावर तुटका ठेवणार नसाल तर तुटके किती निघाले ते वेगळं लिहा, पण मोजणीतून आधीच वगळू नका.

हे तीनदा करा. पहिल्यांदा १४ ग्रॅम, मग १३, मग १५ आले तर साठ पाकळ्यांचे ४२ ग्रॅम, पुन्हा ०.७. तीन आकडे एकमेकांजवळ असले की सरासरीवर विसंबायला हरकत नाही. १४, ९ आणि १९ असे आले तर पाकिटात दोन प्रकारचा माल मिसळलेला आहे. मग आधी चाळा किंवा निवडा आणि दोन्हींचं वेगळं मोजा.

पापडाचं थोडं निराळं आहे. तिथे वजनापेक्षा पाकिटागणिक नग मोजणं बरं, कारण पापड एकमेकांना चिकटलेले असतात, मोडतात, आणि हाताने लाटलेले असतील तर एक जाड, एक पातळ. २०० ग्रॅमची पाच पाकिटं फोडून मोजली आणि १४, १५, १४, १६, १५ आले असं धरा. बेरीज ७४, सरासरी १४.८. पाऊण पापड कुणी देत नाही, पण तो दशांश पुसायचा नाही, पुढे लागतो.

समजा मुंजीला २४० पापड तळायचेत. २४० भागिले १४.८, साधारण १६.२, म्हणजे १७ पाकिटं. माझी धाकटी जाऊ म्हणते, "ताई, प्रत्येकात चौदाच निघाले तर? अठरा आणूया." तर्क पटण्यासारखा आहे, पण सतराच्या सतरा पाकिटांत कमीतकमीच निघतील असं होत नाही. कुठे १४ तर कुठे १६, एकाची उणीव दुसरं भरून काढतं. पाकिटं जितकी जास्त तितकी सरासरी खरी व्हायला लागते. सतरा पाकिटांत २५० च्या आसपास पापड मिळतील, दहाएक मोडले तरी चालतील.

पण घरी चौदा-पंधरा माणसं जेवायला आहेत आणि तुम्ही एकच पाकीट आणताय, तिथे १४.८ चा उपयोग नाही. एका पाकिटाला दुसरं पाकीट सांभाळून घ्यायला नसतं. तिथे वहीतला सगळ्यात लहान आकडा धरायचा, १४. एक-दोन पाकिटं असतील तर कमीतला आकडा, पाच-सहाच्या पुढे सरासरी, असा माझा ठोकताळा आहे. हा ठोकताळा कळला की निम्मी उधळपट्टी थांबते. मोठ्या ऑर्डरीला प्रत्येक पाकीट कमीच निघेल असं धरून भरलेला माल मी कित्येकांच्या फळीवर मेपर्यंत पडलेला पाहिलाय.

आता वजनाबद्दल. ५०० ग्रॅमचा पुडा काट्यावर ४९३ भरला की बायका दुकानात भांडायला जातात. थांबा. देशात यासाठी वैधमापन शास्त्राचे आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम आहेत, आणि तेही सरासरीवरच उभे आहेत. कारखान्यातलं यंत्र प्रत्येक पुडा अचूक भरू शकत नाही, म्हणून एका लॉटमधून काढलेल्या नमुन्यांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी नको, आणि एकेका पुड्यातली तूट ठरावीक मर्यादेत हवी, अशी त्यांची रचना आहे. मर्यादा वजनाप्रमाणे बदलते: १०० ग्रॅमला साडेचार ग्रॅम, २०० ला ९, २५० लाही ९, ५०० ला १५ आणि किलोलाही १५. म्हणजे ४९३ चा एक पुडा नियमात बसतो. पण वेगवेगळ्या वेळी आणलेले आठ-दहा पुडे तोललेत आणि सगळेच्या सगळे पाचशेच्या खाली, तर तो योगायोग नाही. भांडायचं तर त्या वेळी, आकडे लिहून घेऊन. तोलताना रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायला विसरू नका, छापलेलं वजन आतल्या मालाचं असतं.

आपण स्वतः चिवडा पॅक करून लेबल लावून विकतो तेव्हा हाच नियम आपल्यालाही लागू आहे, हे बऱ्याच जणींच्या गावीही नसतं. दहा रिकाम्या पिशव्या एकत्र तोलून एकीचं वजन काढा. दहा पिशव्यांचे ६० ग्रॅम आले तर पाव किलोच्या चिवड्याचं भरलेलं पाकीट २५६ च्या वर हवं. मी २५८ वर हात थांबवते. दोन ग्रॅम चिवडा जादा गेला तर कुणी गरीब होत नाही, आणि एखादं पाकीट जरा कमी भरलं तरी सरासरी वरच राहते. भरताना मात्र मोठ्या पातेल्यातला चिवडा दर थोड्या वेळाने तळापासून हलवा, दाणे आणि डाळं खाली बसतात. नाहीतर पहिल्या गिऱ्हाईकाला नुसते पोहे आणि शेवटच्याला नुसते दाणे. वजन दोघांचं बरोबर, तक्रार दोघांची रास्त.

गिऱ्हाईक हल्ली साखरही विचारतं. "बाबांना डायबेटिस आहे, एका लाडवात साखर किती?" आपल्या लाडवाचं सोपं आहे. घाण्यात घातलेली एकूण साखर भागिले झालेले लाडू. किलोभर पिठीसाखरेत ८० लाडू वळले तर लाडवाला साडेबारा ग्रॅम. लाडू लहानमोठे होत असतील तर हा आकडा सांगायला काही अर्थ नाही, म्हणून मी दर घाण्यातले पहिले दोन-चार तोलून हात बसवून घेते.

विकतच्या बिस्किटांना लेबल वाचावं लागतं. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅमचे आकडे असतात आणि कुणीच १०० ग्रॅम बिस्किटं मोजून खात नाही. समजा १५० ग्रॅमच्या पुड्यात २० बिस्किटं निघाली, एक साडेसात ग्रॅमचं. तक्त्यात साखर २२ ग्रॅम असेल तर २२ गुणिले ७.५ भागिले १००, दीड ग्रॅमच्या जरा वर. चहाबरोबर चार खाल्ली तर साडेसहा ग्रॅम. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात साखर साधारण चार ग्रॅम मावते, म्हणजे दीड चमचा झाला, चहातली वेगळीच. हेच मिठाचं. तक्त्यात मीठ नसतं, सोडियम असतं, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणा आणि हजाराने भागा, मिठाचे ग्रॅम मिळतात. सोडियम १६०० मिलिग्रॅम लिहिलेल्या पापडाच्या पुड्यात १०० ग्रॅमला चार ग्रॅम मीठ. १३ ग्रॅमच्या एका पापडात अर्धा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, त्यात दोन पापडांचा एक ग्रॅम जातो. पापडखारातही सोडियम असतं, तेव्हा हे सगळं चवीला लागणारं मीठ नव्हे, पण रक्तदाबाला तो फरक कळत नाही.

जाता जाता आणखी एक, सरासरीचं नाही पण अंदाजाचंच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. यादीत तिसरा असलेला घटक एकतृतीयांशापेक्षा जास्त असूच शकत नाही, पाचवा एकपंचमांशापेक्षा. आणि नावात काजू मिरवणाऱ्या बिस्किटाच्या यादीत काजू मिठाच्या नंतर आला असेल, तर सोडियमवरून मीठ काढा. काजू त्याहून कमी. नावात किंवा चित्रात एखादा घटक मिरवला तर त्याची टक्केवारी यादीत द्यावी लागते, तीही शोधा. मला हा खेळ फार आवडतो. वाण्याकडे रांग असली की मी हेच वाचत उभी असते.

कुठे सरासरी चालत नाही तेही ऐका. मिक्स ड्रायफ्रूटच्या पाकिटात "एका नगाचं सरासरी वजन" काढण्यात काही हशील नाही. बदाम, बेदाणा आणि अक्रोड वेगळे करा, तिघांचं तीनदा मोजा. दाबून लादी केलेला खजूर मोजता येत नाही. सुटा बियांचा खजूर असेल तर दहा खजूर तोला, बिया काढून पुन्हा तोला, मग लाडवात पडणारा गर कळेल. डब्यातले गुलाबजाम आणताना मोठ्या अक्षरातलं वजन पाकासकट असतं. पाक निथळल्यावरचं वजन वेगळं छापलेलं असतं, हिशोब त्यावर. गुलाबजाम पाक प्यायलेला असल्यामुळे एक नग तोलायचा तर झाऱ्यावर दोन मिनिटं निथळून मगच.

वहीत काय लिहायचं? मी "पापड, १५ नग" असं लिहीत नाही. पदार्थ, पुड्याचं छापील वजन, एका नगाचं सरासरी वजन, सापडलेला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा, आणि महिना. छापील वजन यासाठी, की दहा रुपयांचं पाकीट दहा रुपयांचंच राहतं आणि आतले ग्रॅम गुपचूप उतरतात. नगाचं वजन टिपलेलं असेल तर नवं पाकीट न फोडताही नवे नग काढता येतात. महिना यासाठी, की पावसाळ्यात उघडा राहिलेला माल ओल धरतो आणि जड होतो. जुलैत तोललेल्या मनुकांचा आकडा मी दिवाळीच्या खरेदीला वापरत नाही, ऑक्टोबरात एक पाकीट आणून पुन्हा तोलते आणि मगच बाकीची यादी वाण्याला देते.